चाकं मोजा, मग बोला: युद्धपटांतले टँक आणि बंदुका ओळखायला शिकताना

नगरला (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. शाळेत असताना तिथे पहिल्यांदा गेलो, सोबत सैन्यातून निवृत्त झालेले आमचे काका होते. पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन टँकसमोर उभा राहून मी म्हणालो, "काका, हा मी कुठेतरी पाहिलाय."

"सिनेमात पाहिला असशील," काका म्हणाले. "जर्मन म्हणून."

मला वाटलं, चेष्टा करतायत. घरी आल्यावर त्यांनी 'बॅटल ऑफ द बल्ज' हा १९६५ सालचा सिनेमा लावला आणि हिटलरचे भयंकर 'किंग टायगर' टँक पडद्यावर आले तसं बोट दाखवून म्हणाले, "अरे, चाकं मोज आधी." मोजली. सहा. सकाळी नगरला मोजलेलीही सहाच होती. नगरचाच पॅटन, अंगावर जर्मन क्रूस रंगवलेला. त्या दिवसापासून मला कुठलाही युद्धपट सरळ बघता आलेला नाही. घरचे वैतागतात. तुम्हालाही ही खोड लावून घ्यायची असेल, तर पुढे वाचा.

पायरी १: तारीख आणि ठिकाण लिहून घ्या

सिनेमा सुरू झाला की गोष्ट कुठल्या साली, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या आघाडीवर घडतेय ते आधी एका कागदावर लिहा. बहुतेक सिनेमे पहिल्या पाच मिनिटांत हे सांगून टाकतात. नवखे लोक हे करत नाहीत आणि मग 'हा टँक खोटा' म्हणून भांडत बसतात. टँक पुष्कळदा खराच असतो, चुकलेलं असतं ते साल.

'क्रॉस ऑफ आयर्न' (१९७७) घ्या. गोष्ट १९४३ ची, रशियन आघाडीवरची. त्यातले टी-३४ टँक अस्सल आहेत, पत्र्याचं सोंग नाही. पण ते टी-३४/८५ आहेत, म्हणजे मोठ्या टरेटचे (टरेट म्हणजे तोफ बसवलेला, वर फिरणारा घुमट) आणि ८५ मिमी तोफेचे, आणि हा प्रकार लढाईत उतरला १९४४ च्या सुरुवातीला. १९४३ मध्ये रशियनांकडे होता तो ७६ मिमी तोफेचा, लहान टरेटचा टी-३४. तारीख लिहिलेली नसती तर हे सुटलं असतं.

पायरी २: टँक कुणाकडून उसना आणलाय ते शोधा

माझ्या मते सगळ्यात मोठी किल्ली हीच आहे. सिनेमावाले टँक बनवत नाहीत, मागून आणतात. ज्या देशात चित्रीकरण झालं त्या देशाच्या सैन्याच्या गॅरेजमध्ये जे उभं होतं, तेच पडद्यावर येतं. त्यामुळे कुठल्याही जुन्या युद्धपटासमोर पहिला प्रश्न असा विचारायचा: हे शूट कुठे झालं? उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या श्रेयनामावलीत मिळतं, जिथे कुठल्या ना कुठल्या सैन्याचे आभार मानलेले असतात.

साठ-सत्तरच्या दशकात दोन देश पुन्हा पुन्हा भेटतात, स्पेन आणि युगोस्लाव्हिया. दोघांची गोष्ट थोडी सांगायलाच हवी.

स्पेनने १९५३ मध्ये अमेरिकेशी करार केला. अमेरिकेला तळ मिळाले, बदल्यात स्पेनला शस्त्रं मिळाली. त्यात पॅटन टँक होते आणि हलके चॅफी टँकही. पुढे हॉलिवूडवाले उघडं माळरान, स्वस्त माणसं आणि भाड्याने सैन्य शोधत स्पेनला पोचले तेव्हा हेच समोर उभे होते. म्हणून 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मन किंग टायगर झाले एम-४७ पॅटन, आणि अमेरिकन शेरमन झाले एम-२४ चॅफी. एम-४७ चं उत्पादनच १९५१ मध्ये सुरू झालं, आणि सिनेमातली लढाई आहे डिसेंबर १९४४ ची.

याहून मोठी गंमत 'पॅटन' (१९७०) या सिनेमात आहे. तोही स्पेनमध्येच झाला. जनरल पॅटन डिसेंबर १९४५ मध्ये वारले. अमेरिकेने पुढे त्यांच्या नावाने टँकची मालिका काढली. सिनेमात त्याच मालिकेतले टँक जर्मन बनून खुद्द पॅटनवर चाल करून येतात. एल गेत्तारच्या लढाईत (मार्च १९४३, ट्युनिशिया) जर्मनांकडे होते पँझर ३ आणि पँझर ४. दिग्दर्शकाला ते मिळणार कुठून? युद्ध संपल्यावर जर्मन टँक भंगारात गेले, वितळले.

युगोस्लाव्हियाचं प्रकरण वेगळं. टिटो आणि स्टालिन यांचं १९४८ मध्ये फाटलं. त्याआधीचे रशियन टी-३४ हाताशी होतेच, आणि फाटल्यावर अमेरिकेनेही मदत पाठवली, त्यातून शेरमन आले. एकाच सैन्याच्या छपराखाली टी-३४ आणि शेरमन दोन्ही! युद्धपटवाल्यांना याहून जास्त काय हवं? 'केलीज हीरोज' (१९७०) तिथेच झाला. त्यातले शेरमन अस्सल आहेत आणि टायगर म्हणजे टी-३४ वर चढवलेला पत्र्याचा अंगरखा. पण काय शिवलाय! टरेट चौकोनी-गोलाकार, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा 'मझल ब्रेक', बाजूंना उभ्या भिंती. पहिल्या नजरेत कुणीही फसेल. त्याच सिनेमात एक टँकवाला आपल्या शेरमनच्या तोफेला पुढे पाइपचा तुकडा जोडतो, जर्मनांना ती मोठी तोफ वाटावी म्हणून. पत्र्याच्या टायगरांनी भरलेल्या सिनेमात हा विनोद लेखकाने मुद्दाम घातला की नकळत, देव जाणे.

हॉलंडमध्ये झालेल्या 'अ ब्रिज टू फार' (१९७७) मध्ये जर्मन पँथर म्हणून जो टँक येतो तो आहे लेपर्ड १, १९६५ मध्ये सैन्यात आलेला. शेरमन काही खरे, बाकीचे लँड रोव्हरच्या सांगाड्यावर बसवलेले नुसते साचे. ते ओळखायचे असतील तर वळणावर बघा. खरा टँक एका बाजूचा पट्टा रोखून जागच्या जागी माती उकरत वळतो, साच्याचा टँक मात्र गुपचूप जीपसारखा वळतो.

पायरी ३: चाकं मोजा

आता मुख्य काम. रंग, क्रूस, तारा, नंबर, झाडाच्या फांद्या, पत्र्याच्या पेट्या हे सगळं कुणीही चिकटवू शकतं. खालची चाकं बदलणं मात्र जवळजवळ अशक्य असतं, कारण त्यांच्यावरच गाडी चालते. म्हणून सोंग नेहमी कमरेखाली उघडं पडतं.

चित्र थांबवा. टँक बाजूने दिसतोय अशी चौकट पकडा. चार गोष्टी बघा.

एक, जमिनीवर टेकणारी मोठी चाकं किती. दोन, ती सुटी आहेत, जोडीजोडीने आहेत की एकमेकांवर चढलेली. तीन, वर परत जाणारा पट्टा उचलून धरायला छोट्या रिळा आहेत का, की पट्टा चाकांच्याच डोक्यावर लोळतोय. चार, पट्टा ओढणारं चाक पुढे आहे की मागे.

ही चौथी गोष्ट नवख्यांना माहीतच नसते आणि तीच सगळ्यात कामाची. दुसऱ्या महायुद्धातले जर्मनांचे सगळे मुख्य टँक पुढच्या चाकाने पट्टा ओढायचे. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे. टी-३४, पॅटन, लेपर्ड हे सगळे मागून ओढतात. त्यामुळे 'जर्मन' टँकचं ओढणारं चाक मागे दिसलं की उरलेलं काही न बघता निकाल देऊन टाका. दातांवरून ते चाक पटकन कळतं. अपवाद टी-३४ चा, त्याच्या ओढणाऱ्या चाकाला बाहेरून दिसणारे दातच नसतात, आतल्या रिळा पट्ट्याचे खुंटे पकडतात. त्यामुळे टी-३४ वर बेतलेल्या टायगरच्या पुढच्या चाकालाही दात नाहीत आणि मागच्यालाही नाहीत असं विचित्र दृश्य दिसतं.

काही चेहरे, म्हणजे खरं तर पाय, पाठ करून टाका.

टायगर १ ची चाकं मोठी आणि एकात एक अडकवलेली असतात, ताटांची उतरंड आडवी ठेवावी तशी. मोजायला गेलात की गोंधळ उडतो. तो गोंधळ उडाला म्हणजे टँक बहुधा खरा आहे किंवा सोंग फार महागाचं आहे. वजन सुमारे ५७ टन आणि तोफ ८८ मिमी. पँथर आणि किंग टायगरचीही चाकं एकमेकांवर चढलेली असतात, फक्त त्यांचं चिलखत उतरतं आणि टायगर १ चं सरळ उभं.

पँझर ४ ला आठ छोटी चाकं, दोन-दोनच्या चार जोड्या, वर चार रिळा. जर्मन सैन्याचा खरा राबता टँक हाच. साडेआठ हजारांच्या आसपास बनले, तर टायगर १ चौदाशेसुद्धा झाले नाहीत. तरी सिनेमात बघावं तर सगळे टायगरच. थोडा दोष सैनिकांचाही आहे. नॉर्मंडीत झुडपाआडून कुठलाही जर्मन टँक निघाला की 'टायगर!' अशीच ओरड व्हायची. सिनेमावाल्यांनी तीच ओरड उचलली.

टी-३४ ला पाच मोठी सुटी चाकं, वर रीळ एकही नाही, पट्टा चाकांवर लोळतो.

शेरमनला प्रत्येक बाजूला तीन बोगी, प्रत्येकीत दोन छोटी चाकं. १९४४ च्या अखेरीस रुंद पट्ट्याची नवी रचना आली, तिच्यात चाकं दुहेरी दिसतात. रुंद पट्ट्याचा शेरमन जून १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दिसला तर कागदावरची तारीख पुन्हा वाचा.

पॅटन एम-४७ ला सहा चाकं, वर तीन रिळा, आणि शेवटचं चाक व ओढणारं चाक यांच्या मध्ये एक छोटंसं चाक जास्तीचं. ते छोटं चाक म्हणजे पॅटनची जन्मखूण.

लेपर्ड १ ला सात.

एवढं पाठ झालं तरी साठ-सत्तरच्या दशकातल्या अर्ध्याअधिक सिनेमांचं पितळ उघडं पडतं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधला टायगर बघा. इतका काटेकोर म्हणून नावाजलेला सिनेमा, पण टायगरच्या पोटाखाली टी-३४ ची पाच चाकं स्पष्ट आहेत. 'केलीज हीरोज'ला अठ्ठावीस वर्षं उलटून गेली तरी युक्ती तीच.

मग खरा टायगर कुठे दिसतो? 'दे वेअर नॉट डिव्हायडेड' (१९५०) या ब्रिटिश सिनेमात एक आहे. त्यानंतर थेट 'फ्युरी' (२०१४). त्यातला टायगर १३१ हा ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला होता, तो इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये असतो आणि आजही स्वतःच्या पट्ट्यांवर चालतो. चाकांचा सराव करायचा असेल तर 'फ्युरी'तला टायगर आणि 'केलीज हीरोज'मधला टायगर शेजारी शेजारी थांबवून ठेवा. दहा मिनिटांत जे कळेल ते मला लिहून सांगता येणार नाही.

पायरी ४: टरेटची जागा आणि नळीची हालचाल

चाकं गवतात किंवा चिखलात लपली असतील तर वर बघा. टायगरचं टरेट साधारण मध्यावर बसतं, टी-३४ चं बरंच पुढे. वर कितीही पत्रा ठोकला तरी ही जागा बदलत नाही. म्हणून खोटा टायगर पुढून नाक दाबल्यासारखा दिसतो आणि मागे ओसरी मोकळी.

तोफ उडताना नळी बघा. खरा गोळा सुटला की नळी झटक्यात मागे सरकते आणि परत येते, अख्खा टँक डुलतो. सिनेमात पुष्कळदा नुसता धूर आणि ज्वाला, नळी ढिम्म. आणि समोरचा टँक फुटताना पेट्रोलचा केशरी गोळा उठला तर समजा ते आतषबाजीवाल्यांचं काम. टँकभेदी गोळा बहुतेक वेळा पोलादाचा ठोकळा असतो. तो आदळतो, ठिणग्या उडतात, भोक पडतं, आणि काही क्षण काहीच होत नाही. धूर मागून येतो. हातबाँबचंही तसंच, खऱ्याला धुरळा आणि राखाडी धूर असतो, दिवाळीचा अनार नसतो.

पायरी ५: हातातली शस्त्रं

टँक जमले की बंदुकांकडे या, आधी नको. बंदुका छोट्या असतात, हलत असतात आणि त्यांचे उपप्रकार डोकं फिरवतात. सुरुवातीला तीनच सवयी लावून घ्या.

पहिली, किती जणांच्या हातात काय आहे ते बघा. जुन्या सिनेमातल्या प्रत्येक जर्मनाच्या हातात एमपी-४० असते, ती घडीच्या दस्त्याची छोटी मशिनगन. प्रत्यक्षात साधारण दहा जणांच्या तुकडीत ती एखाद्याकडे, बहुधा नायकाकडे. बाकीच्यांकडे ९८-के रायफल, एकेक गोळीला बोल्ट ओढावा लागणारी, आणि तुकडीचा खरा जोर एमजी-३४ किंवा एमजी-४२ या एका मोठ्या मशिनगनवर. जाता जाता, एमपी-४० ला 'श्मायसर' म्हणू नका. दोस्त सैनिकांनी तिला ते नाव चिकटवलं, पण ह्यूगो श्मायसरने ती आरेखित केली नव्हती.

दुसरी, गोळ्या मोजा. एमपी-४० च्या मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या आणि वेग मिनिटाला ५०० च्या घरात. म्हणजे घोडा दाबून धरला की चार सेकंदांत खेळ खल्लास. अमेरिकन गॅरंड रायफलमध्ये ८, आणि आठवी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' आवाज करत बाहेर उडते. तो टिंग चौथ्या गोळीलाच वाजला तर ध्वनिमुद्रकाची हौस समजा. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलमध्ये १०. थॉम्पसन, म्हणजेच टॉमीगन, तिच्या सरळ मॅगझिनमध्ये २० किंवा ३०.

थॉम्पसनवरून आपल्या माणसाची एक गोष्ट सांगतो. रायगडमधल्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. त्यांच्यासोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशिनगन बंद पाडली, मग टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. नंतर ते शत्रूच्या गोळीला बळी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पडद्यावर कुणाची मॅगझिन दोन-दोन मिनिटं संपत नाही तेव्हा मला घाडगे आठवतात.

तिसरी, आवाज आणि काळ. एमजी-४२ मिनिटाला १२०० गोळ्या सोडायची. त्या वेगाला सुटे ठोके ऐकू येत नाहीत, जाडं कापड टराटरा फाडल्यासारखा एकसंध आवाज येतो. सिनेमात ती 'ठक ठक ठक' बोलत असेल तर तो आवाज दुसऱ्याच बंदुकीचा उसना आहे. आणि नाव सांगतं त्याप्रमाणे ती १९४२ ची, त्यामुळे १९४० च्या फ्रान्समध्ये ती असू शकत नाही, तिथे एमजी-३४ हवी.

थॉम्पसनमध्येही काळ दिसतो. जुन्या १९२८ च्या नमुन्यात कॉकिंगचा (बंदूक सज्ज करायला ओढायचा) खटका वर असतो आणि गोल ड्रम बसतो. युद्धात उत्पादन सोपं करायला काढलेल्या एम-१ आणि एम-१ए१ मध्ये खटका उजव्या बाजूला गेला आणि ड्रम बसेनासा झाला.

ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या सिनेमांत ली-एनफिल्डचं नाक बघा. जुन्या नमुन्याचं नाक बोथट, नळी लाकडाच्या आणि लोखंडी टोपणाच्या आत संपते. नंबर ४ या नव्या नमुन्यात नळीचं टोक बाहेर डोकावतं. ईशापूरच्या कारखान्यात जुना बोथट नमुनाच बनत असे.

पायरी ६: विमानं, थोडक्यात

इथे पुन्हा स्पेन. जर्मन आरेखनांवरून स्पेनने स्वतःची मेसरश्मिट आणि हाइंकेल बनवली, पण युद्धानंतर जर्मन इंजिनं मिळेनात, म्हणून त्यात ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन बसवली. 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) मधली जर्मन विमानं हीच. स्पिटफायर आणि तिचा शत्रू दोघांच्या पोटात एकच इंजिन! ओळखायला सोपं: खऱ्या मेसरश्मिट १०९ चं इंजिन उलटं बसवलेलं असल्याने धुराच्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला असतात. स्पॅनिश विमानात त्या वर आहेत, आणि हनुवटी फुगलेली.

'व्हेअर ईगल्स डेअर' (१९६८) मध्ये एक हेलिकॉप्टर उतरतं, गोष्ट १९४३-४४ च्या हिवाळ्यातली. ते बेल ४७ आहे, पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५. जर्मनांकडे युद्धात हेलिकॉप्टरं होतीच, फक्त ही नव्हेत. म्हणून 'तेव्हा हेलिकॉप्टर कुठे होतं?' असं म्हणाल तर तुम्हीच चुकाल.

पायरी ७: चुकीचं वजन करा

चूक सापडली की नवखा नाचतो. मीही नाचलोय. पण सगळ्या चुका एका मापाच्या नसतात, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे.

टँक मिळालाच नाही म्हणून दुसरा वापरला, ही माफ. १९६५ मध्ये किंग टायगरचा ताफा कुणीच आणू शकत नव्हतं. त्यातही कुणी खटपट केली याला गुण द्या. 'केलीज हीरोज' हा विनोदी सिनेमा, तरी त्यांनी टी-३४ ला अंगरखा शिवला. 'बॅटल ऑफ द बल्ज' स्वतःला इतिहास म्हणवतो, त्याने नुसता रंग मारला. मी पहिल्याला वर ठेवतो.

खरी चूक तेव्हा होते, जेव्हा शस्त्रामुळे लढाईच बदलते. 'बॅटल ऑफ द बल्ज'मधली मला न पचणारी गोष्ट पॅटन ही नाही, जमीन आहे. ही लढाई झाली ते आर्डेन म्हणजे जंगल, अरुंद रस्ते, बर्फ, धुकं. जर्मन तिथे अडकले ते पूल, वळणं आणि पेट्रोलपायी. त्यांचे किंग टायगर आघाडीला नव्हतेच. पायपर या जर्मन अधिकाऱ्याच्या तुकडीत ते मागून येत होते, पुढे होते पँझर ४ आणि पँथर. सिनेमातली मोठी टँकलढाई मात्र तपकिरी उघड्या माळावर, टँक ओळीत, घोडदळाच्या चढाईसारखी. बघणाऱ्याला वाटतं, मोठा टँक ज्याच्याकडे तो जिंकत होता. युद्धात मित्रराष्ट्रांचं सरसेनापतिपद सांभाळलेल्या आयसेनहॉवरनी या सिनेमावर जाहीर टीका केली होती.

उलट उदाहरण 'द ब्रिज अॅट रेमागेन' (१९६९) चं. चेकोस्लोव्हाकियात चित्रीकरण सुरू असताना ऑगस्ट १९६८ मध्ये खरे रशियन टँक देशात घुसले आणि मंडळींना पळ काढावा लागला. त्यात अमेरिकन टँक म्हणून चॅफी आहेत. मार्च १९४५ मध्ये चॅफी युरोपात आलेले होते, म्हणजे काळ बरोबर. फक्त त्या पुलावर गाजले ते पर्शिंग टँक. ही चूक मी बारीक अक्षरात लिहितो.

आपल्याकडचे सिनेमे बघताना

पद्धत तीच, यादी वेगळी. १९६२ ची गोष्ट असेल तर भारतीय जवानाच्या हातात मुख्यतः .३०३ (म्हणजे ली-एनफिल्ड) हवी. १९७१ असेल तर एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), २० गोळ्यांची. साधी एसएलआर एका वेळी एकच गोळी सोडते. जवान तिच्यातून फैरीवर फैर झाडत असेल तर दिग्दर्शकाने रायफल दाखवली आणि कानाला मशिनगन ऐकवली. इन्सास रायफल नव्वदच्या दशकातली, तिची अर्धपारदर्शक मॅगझिन लांबून कळते. ती १९७१ मध्ये दिसली की गेम ओव्हर.

टँकमध्ये लोंगेवालाच्या (डिसेंबर १९७१) कथेत पाकिस्तानचे टँक बहुतांशी चिनी टी-५९ हवेत. ती रशियन टी-५४ ची नक्कल. आपल्याकडचा टी-५५ तिचा सख्खा भाऊ: पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्यात मोठी फट, वर रीळ नाही. त्यामुळे टी-५५ ला टी-५९ म्हणून उभं केलं तर तक्रार करू नका, असली तडजोड परदेशी सिनेमांच्या नशिबी क्वचितच येते. सहा चाकं आणि वर रिळा असलेला टी-७२ दिसला तर मात्र करा. तो भारतात आला तेव्हा १९७१ केव्हाच मागे पडलं होतं.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं

'केलीज हीरोज'ने सुरुवात करा, 'बॅटल ऑफ द बल्ज' नंतर. पहिल्यांदा सिनेमा न थांबवता पूर्ण बघा. चुका शोधत बघितलात तर सिनेमाही जातो आणि चुकाही नीट दिसत नाहीत. दुसऱ्यांदा बघताना वही घ्या: वेळ, काय दिसलं, काय असायला हवं होतं, आणि तुमची खात्री किती. शेवटचा रकाना टाळू नका. बंदुकांसाठी इंटरनेट मूव्ही फायरआर्म्स डेटाबेस आहे, पण आधी स्वतः लिहा, मग ताडून बघा, नाहीतर डोळा तयार होत नाही.

आणि जमेल तेव्हा नगर गाठा. तिथला पॅटन बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन ऊसात आणि चिखलात अडकून डझनांनी पडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी 'बॅटल ऑफ द बल्ज' प्रदर्शित झाला, आणि तेच मॉडेल पडद्यावर अजिंक्य जर्मन टँक बनून गर्जना करत होतं. त्या म्युझियममध्ये हस्तगत केलेला चॅफीही आहे, सिनेमातला खोटा शेरमन. नायक आणि खलनायक एकाच आवारात, दोघांचेही मुखवटे उतरलेले.

तिथे लोक समोरून, नळीखाली उभे राहून फोटो काढतात. तुम्ही बाजूला जा, गुडघ्यावर बसा, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक अखंड फोटो घ्या. लोक बघतील. आमच्या काकांकडेही बघायचे. ते आपले वाकून, बोट नाचवत, मोठ्याने मोजत राहायचे.